कंपनी दुप्पट झाली, शेअर मात्र खाली: ग्रोथ शेअर नीट समजून घ्यायचाय

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी,

या विभागात बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. राहायला सहकारनगर, नोकरी हिंजवडीत. आमच्या घरात बचत म्हणजे मुदत ठेव, पोस्ट आणि थोडं सोनं. बाबा बँकेत होते. शेअरचा विषय निघाला की ते बोलणंच थांबवायचे.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या बचतीतले चार लाख एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले. नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीपुरता नाही. कारखान्यांना लागणारी यंत्रसामग्री आणि त्यातली इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, "हा ग्रोथ शेअर आहे, घेऊन विसरून जा." कंपनी खरोखरच वाढली. विक्री ६४० कोटींवरून १२९० कोटींवर गेली. बातम्या चांगल्या, नवा कारखाना झाला, ऑर्डरी भरपूर. शेअर मात्र मी ८३६ला घेतला होता, आज ६८० आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. ग्रोथ शेअर नक्की कशाला म्हणायचं? म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर 'ग्रोथ' लिहिलेलं असतं ते हेच का? आणि कंपनी दुप्पट झाली असताना माझे पैसे कमी कसे झाले? मित्र म्हणतो, थांब. मी थांबायला तयार आहे, पण कशासाठी थांबते आहे ते कळायला हवं. आईच्या वाट्याचे वाड्याचे पैसे या वर्षी येतील. ते कुठे ठेवायचे हे ती मलाच विचारणार आहे, म्हणून आता हे समजून घ्यायची घाई झाली आहे.

तळजाई_सकाळ

फंडाच्या फॉर्मचं आधी सांगते, कारण हा घोळ माझाही झाला होता. फॉर्मवरचा 'ग्रोथ' हा फक्त पर्याय आहे. फंडाला झालेला फायदा तुमच्या हातात न देता फंडातच ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या पर्यायाला पूर्वी 'डिव्हिडंड' म्हणायचे. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल २०२१ पासून त्याचं नाव बदललं, आता आयडीसीडब्ल्यू लिहितात. फंडातले शेअर कसले आहेत याच्याशी त्या 'ग्रोथ'चा काही संबंध नाही. अगदी कर्जरोख्यांच्या फंडालाही ग्रोथ पर्याय असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी जमाखर्च काकांची वाट बघू या.

आकुर्डीकर

ताई, घेतला तेव्हा पीई, म्हणजे भाव वर्षाच्या नफ्याच्या कितीपट, किती होता?

पर्वतीपायथा

आता शोधून काढलं. तेव्हा शेअरमागे वर्षाचा नफा ११ रुपये होता, म्हणजे पीई ७६. आता नफा २१ रुपये आणि पीई ३२च्या थोडा वर. घेताना हा आकडा मी पाहिलाच नव्हता.

जमाखर्च

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंत.

शेअरचा भाव म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार: एका शेअरमागचा नफा, आणि त्या नफ्याच्या कितीपट पैसे द्यायला बाजार तयार आहे तो पट. तुमच्या कंपनीचा नफा ११चा २१ झाला, म्हणजे १.९ पट. पट मात्र ७६चा ३२ झाला, म्हणजे आधीच्या ०.४३. दोन्हींचा गुणाकार ०.८१ येतो. चार लाखांचे सव्वातीन लाख झाले ते असे. कंपनीने आपलं काम केलं, पण तुम्ही ते काम होण्याआधीच त्याचे पैसे देऊन बसला होतात.

आता ग्रोथ शेअर कशाला म्हणायचं? ज्या कंपनीची विक्री आणि नफा बाकीच्या बाजारापेक्षा वेगाने वाढतील अशी अपेक्षा असते, जी मिळवलेला बराचसा नफा वाटून न टाकता धंद्यातच घालते, आणि या अपेक्षेपोटी जिचा भाव आजच्या नफ्याच्या मानाने महाग असतो, ती कंपनी. यातला 'अपेक्षा' हा शब्द सोडू नका. अपेक्षा पूर्ण झाली तर भाव टिकतो, अपेक्षेहून जास्त झालं तर वाढतो. वाढ झाली पण अपेक्षेहून कमी झाली, तर नफा वाढूनही भाव पडतो. मुलाला ८० टक्के पडले तर घरात पेढे वाटायचे की गप्प बसायचं, हे आधी किती धरले होते त्यावर ठरतं.

एक काल्पनिक हिशोब मांडतो, वहीत उतरवून घ्या. शेअरमागचा नफा १० रुपये, पीई ८०, भाव ८००. कंपनी आठ वर्षं दरसाल २० टक्क्यांनी वाढली. ही वाढ लहान नव्हे, असं सलग आठ वर्षं करणाऱ्या कंपन्या मोजक्याच असतात. आठ वर्षांनी नफा होतो ४३ रुपये. तोवर कंपनी मोठी झाली, वेग थोडा मंदावणार असं दिसू लागलं आणि पीई ३०वर आला. भाव झाला १२९०. म्हणजे कंपनी २० टक्क्यांनी वाढली आणि तुम्हाला मिळाले वर्षाला सुमारे ६ टक्के. तुमच्या बाबांची मुदत ठेवही त्याच आसपास गेली असती, आणि तीही झोप न उडवता.

त्याच कंपनीची वाढ २०ऐवजी १२ टक्के झाली तर? नफा २४ रुपये ७६ पैसे, पीई ३० धरला तर भाव ७४३. आठ वर्षं थांबून मुद्दलही पूर्ण परत नाही. आणि १२ टक्के ही काही वाईट वाढ नाही.

मुठाकाठ

काकांच्या हिशोबाला एक खरं उदाहरण जोडतो, म्हणजे ते नुसतं गणित वाटणार नाही.

डीमार्ट. पुण्यात कुणाला सांगायला नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हीही तिथे रांगेत असतो. कंपनीचं नाव ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना शेअर विकायला काढला आणि नोंदणीच्या दिवशीच तो दुपटीवर उघडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाव ५९०० रुपयांच्या आसपास गेला. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात विक्री सुमारे ३१ हजार कोटी होती आणि दुकानं २८४. मार्च २०२५ ला विक्री ५९ हजार कोटींवर आणि दुकानं ४१५. नफा सुमारे १४९० कोटींवरून २७०० कोटींवर गेला.

आणि मार्च २०२५ अखेर भाव? ४१०० च्या आसपास.

दुकान ओस पडलं असतं तर समजलं असतं, पण गर्दी वाढलीच आहे. शिखरावर असताना लोक त्या वर्षाच्या नफ्याच्या अडीचशेपट पैसे देत होते, २०२५च्या मार्चमध्ये शंभरपटीच्या आसपास. धंदा चांगला की वाईट हा एक प्रश्न, आणि कोणत्या भावाला चांगला हा दुसरा. मला स्वतःला हे दोन प्रश्न वेगळे करायला फार वर्षं लागली.

भोसरीचा_कारखानदार

मी शेअरमधला माणूस नाही. भोसरी एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे, सीएनसी आणि व्हीएमसी मिळून पाच मशिनं. पण 'वाढ' हा शब्द आला म्हणून लिहितो, कारण वाढ माणसाला कशी अडचणीत आणते ते मी अंगावर घेतलंय.

काही वर्षांपूर्वी माझी उलाढाल एका वर्षात तीन कोटींवरून सहा कोटींवर गेली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने जास्त पार्ट दिले. घरात आनंद. सीएने काढलेला नफा ४८ लाख, तोवरचा सगळ्यात मोठा. आणि त्याच वर्षी दिवाळीचा बोनस द्यायला बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या.

कसं झालं सांगतो. गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देणार. उलाढाल तीन कोटी होती तेव्हा माझी येणी साधारण ७५ लाख असायची. सहा कोटी झाली तशी येणी झाली दीड कोटी. म्हणजे जादाचे ७५ लाख लोकांकडे अडकले. त्यातले २० लाख स्टीलवाल्याच्या उधारीने भागले. उरलेले ५५ लाख माझ्या खिशातून जायला हवे होते, आणि नफाच होता ४८. त्यावर नवीन व्हीएमसीचा हप्ता. त्यावर जीएसटी, तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे देवोत न देवोत. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट काठोकाठ भरलेली. नफा कागदावर होता, तो खोटा नव्हता. पण तो सगळा गिऱ्हाइकाच्या खात्यात आणि माझ्या रॅकवरच्या मालात बसला होता.

ताई, तुमची कंपनी माझ्यासारखीच माल करून उधारीवर विकणारी दिसते. विक्री दुप्पट झाली म्हणता. पैसे आले का, ते बघा. आमच्या पट्ट्यात म्हणतात, ऑर्डर मिळणं वेगळं, बिल होणं वेगळं, आणि बँकेत जमा होणं वेगळं.

तळजाई_सकाळ

दादा, हे वाचताना अंगावर काटा आला. बांगड्या सोडवल्या ना?

भोसरीचा_कारखानदार

सोडवल्या ताई, पुढच्या मे महिन्यात. धन्यवाद.

जमाखर्च

कारखानदार साहेबांनी कंपनी वित्ताच्या वर्गात महिनाभर शिकवतात ते चार परिच्छेदांत सांगितलं. मी फक्त त्याला आकड्यांची चौकट देतो.

वाढ फुकट मिळत नाही. ती विकत घ्यावी लागते: मशिन, जागा, उधारी, साठा. किती पैशांना मिळते हे ठरतं धंद्यात गुंतलेल्या भांडवलावर किती परतावा सुटतो त्यावर. त्यालाच आरओसीई म्हणतात.

तीन कंपन्या घ्या. तिघींचा नफा आज १०० रुपये आणि तिघींना दरसाल १५ टक्के वाढायचंय. पहिली आपल्या भांडवलावर ३० टक्के कमावते. तिला १५ रुपये जादा नफा मिळवायला ५० रुपये धंद्यात घालावे लागतील, उरलेले ५० मालकांना वाटता येतील किंवा गाठीला राहतील. दुसरी १५ टक्के कमावते. तिला तेवढ्याच वाढीसाठी शंभरचे शंभर रुपये घालावे लागतील, मालकाच्या हाती शून्य. तिसरी १२ टक्के कमावते. तिला १२५ रुपये लागतील. नफाच १०० आहे, मग वरचे २५ आणायचे कुठून? कर्ज काढून, नाहीतर नवीन शेअर विकून.

बाहेरून तिघींची वाढ सारखीच दिसते. वर्तमानपत्रात तिघींचा मथळा 'नफ्यात १५ टक्के वाढ' असाच येईल. पहिली कंपनी खरी ग्रोथ कंपनी. दुसरी पळते आहे, पण तिथल्या तिथे. तिसरीची प्रत्येक नवीन ऑर्डर जुन्या मालकांना थोडं गरीब करते, कारण भागधारकांना त्यांचे पैसे दुसरीकडे, तेवढीच जोखीम घेऊन, १२ टक्क्यांपेक्षा जास्त मिळवता आले असते. असल्या कंपनीने वाढूच नये. नफा लाभांश म्हणून वाटून टाकावा.

म्हणून 'लाभांश देत नाही म्हणजे ग्रोथ कंपनी' हे समीकरण मला मान्य नाही. लाभांश रोखून धरणं सोपं आहे. रोखलेल्या रुपयाचं काय केलं, ते पाहायचं असतं.

ताई, तुमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक असेल, इंग्रजीत त्याला कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणतात. त्यात 'ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज' या भागाची शेवटची ओळ बघा. तीन वर्षांची बेरीज करा आणि शेजारी तीन वर्षांच्या नफ्याची बेरीज मांडा. आणि शेअरची एकूण संख्या तेव्हा किती होती, आता किती आहे, तेही.

कुमठेकर_रस्ता

माझं वय ७१. कुमठेकर रस्त्यावर पुणे शेअर बाजार होता हे आता किती जणांना ठाऊक असेल? १९८२ साली सुरू झाला. २०१५ मध्ये सेबीच्या आदेशाने अधिकृतपणे बंद झाला, पण त्याच्या कितीतरी आधी सगळे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आणि मुंबईत गेले होते. मी तिथे एका दलालाकडे कारकून होतो.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच स्थापन झाली, १० हजार रुपयांच्या भांडवलावर, आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले तेव्हा मागणी पुरेशी आली नाही. आमच्याकडेही फॉर्मचे गठ्ठे तसेच पडून होते. सॉफ्टवेअर म्हणजे काय विकतात हेच लोकांना कळत नव्हतं. कारखाना नाही, धुराडं नाही.

सात वर्षांनी, २०००च्या सुरुवातीला, तेच लोक कर्ज काढून तो शेअर घेत होते. मार्च २०००नंतर भाव कोसळला. वर्षभरात शिखराच्या निम्म्याहून खाली. आणि त्याच वर्षी, म्हणजे मार्च २००१ला संपलेल्या वर्षात, कंपनीचा नफा आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त झाला होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पर्वतीपायथा ताईंचा प्रश्न अगदी हाच आहे. तेव्हा आमच्या ऑफिसात येऊन लोक विचारायचे, "कंपनीत काही घोटाळा आहे का हो?" घोटाळा काहीच नव्हता. नफा दुप्पट होणार हे भावात आधीच मिसळलेलं होतं, आणि त्याहून कितीतरी जास्तही.

१९९३ ला फॉर्म भरणारे आणि मार्च २००० ला घेणारे, दोघांनी एकाच कंपनीचे शेअर घेतले. एकाला पिढीभराचं धन मिळालं आणि दुसऱ्याने पुढची कित्येक वर्षं मुद्दल परत येण्याची वाट पाहिली. मला आजही त्या दुसऱ्या लोकांचे चेहरे आठवतात.

आकुर्डीकर

सगळ्यांचं वाचून पटतंय, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी, नाहीतर ताई उद्यापासून पीई २०च्या वरचं काहीच घ्यायच्या नाहीत.

पर्सिस्टंट सिस्टिम्स घ्या, आपल्या सेनापती बापट रस्त्यावरची. १९९०ची कंपनी. मार्च २०१०मध्ये ३१०ला शेअर आला. २०१५मध्ये एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरवर एक फुकट. २०२४मध्ये १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे ५चे दोन. म्हणजे मूळच्या एका शेअरचे चार झाले. २०२४च्या अखेरीस त्या प्रत्येकाचा भाव ६०००च्या वर होता. ३१०चे २४ हजारांहून जास्त. पण २०१५च्या बोनसपासून २०२०च्या सुरुवातीपर्यंत भाव साधारण एकाच पट्ट्यात घुटमळत होता. पाच वर्षं! त्या पाच वर्षांत कितीजण कंटाळून बाहेर पडले असतील.

माझं म्हणणं एवढंच, की पीई जास्त आहे म्हणजे शेअर महाग असं सरसकट म्हणता येत नाही. वाढ किती वर्षं टिकणार यावर सगळं आहे. काकांच्याच उदाहरणात ती २० टक्क्यांची वाढ आठऐवजी वीस वर्षं चालली तर? मी करून पाहिलं. नफा ३८३ रुपये होतो, पीई ३० धरला तरी भाव ११५००. ८००ला घेणाऱ्यालाही दरसाल १४ टक्क्यांच्या वर मिळतात.

जमाखर्च

आकुर्डीकर, गणित बरोबर आहे आणि मुद्दाही बरोबर. मी पीई जास्त म्हणून नको असं म्हणत नाही. ८० पीई देताना आपण 'ही कंपनी वीस वर्षं अशीच धावेल' यावर पैसे लावतोय, हे माहीत असावं. मग प्रश्न बदलतात. वीस वर्षं पुरेल एवढी बाजारपेठ आहे का? ३० टक्के परतावा बघून उद्या आणखी दहाजण त्या धंद्यात उतरले तर यांना कोण वाचवेल? एकदा जोडलेलं गिऱ्हाईक सहज सोडून जाऊ शकतं का?

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण मला या बाबतीत फार शिकवून गेलं. डिसेंबर १९९९च्या शिखराचा भाव परत दिसायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात त्यांची विक्री साडेतीन पटीहून वाढली. धंदा तर इतका घट्ट, की हिंजवडीतला एकही संगणक त्यांच्याशिवाय चालत नव्हता. तरीही सोळा वर्षं.

मुठाकाठ

आणि वाढ कर्जावर उभी असेल तर वीस वर्षांचा प्रश्नच येत नाही. पुण्यातलंच उदाहरण आहे, सुझलॉन. पवनऊर्जेला भविष्य आहे हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. २००५मध्ये शेअर ५१०ला आला आणि २००८च्या जानेवारीपर्यंत चौपटीवर गेला. मधल्या काळात परदेशात मोठ्या कंपन्या विकत घेतल्या, त्यासाठी कर्जाचा डोंगर झाला. त्यानंतर जागतिक मंदी आली. ऑक्टोबर २०१२मध्ये परकीय चलनातल्या रोख्यांची परतफेड चुकली. एकाचे पाच अशा विभाजनानंतरचा शेअर २०२०मध्ये दोन-तीन रुपयांना मिळत होता. कंपनी नंतर सावरली, कर्ज फिटलं. पण पवनऊर्जा वाढणार हे ओळखणारा माणूस बरोबर असूनही मधे पार धुऊन निघाला. क्षेत्र वाढणं आणि त्या क्षेत्रातल्या भागधारकाचे पैसे वाढणं यांत ताळेबंद नावाची गोष्ट उभी असते.

पर्वतीपायथा

काल रात्री जेवणं झाल्यावर तीन वर्षांचे अहवाल उतरवून घेतले आणि बसले. साडेबारा वाजले.

तीन वर्षांच्या नफ्याची बेरीज २६३ कोटी. त्याच तीन वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख ४१ कोटी. मी तीनदा तपासलं, मला वाटलं ओळ चुकली.

भोसरीच्या दादांनी सांगितलेलं तंतोतंत तिथे होतं. येणी वसूल व्हायला पूर्वी ६८ दिवस लागायचे, आता १२१. विक्री वाढवण्यासाठी उधारी सैल केली असावी असं मला वाटतं. शेअरची संख्या ४ कोटी ७३ लाखांवरून ५ कोटी २० लाख झाली आहे. मधे मोठ्या संस्थांना शेअर विकून पैसे उभे केले, त्याची बातमी मी तेव्हा आनंदाने वाचली होती. कंपनीचा नफा ५२ कोटींवरून १०९ कोटी झाला, दुपटीहून जास्त, पण माझ्या एका शेअरच्या वाट्याला दुपटीहून कमी आला तो यामुळे. आरओसीई २४ टक्क्यांवरून १५वर आला आहे.

म्हणजे भावाचा पट कमी झाला तो बाजाराच्या लहरीने नव्हे, असं वाटायला लागलंय. काका, मी बरोबर वाचते आहे का?

जमाखर्च

अगदी बरोबर वाचताय. एक गोष्ट तेवढी जोडतो. नवा कारखाना झाला आहे म्हणालात. तो पूर्ण क्षमतेने चालू झालेला नसेल तर आरओसीई तात्पुरता खाली दिसतो, कारण भांडवल गुंतलं आणि नफा अजून यायचाय. ही सबब खरी असू शकते. पण येण्यांचे १२१ दिवस नव्या कारखान्यामुळे होत नाहीत. पुढच्या दोन सहामाहींत हा आकडा ९०कडे येतो की १४०कडे जातो, एवढं एकच बघितलंत तरी पुरे. कंपनी तिमाही निकालानंतर विश्लेषकांशी बोलते, त्याचा मजकूर संकेतस्थळावर असतो. त्यात येण्यांबद्दल कुणी विचारलं आहे का आणि उत्तर सरळ दिलंय की फिरवलंय, ते वाचा.

तळजाई_सकाळ

कराचं लक्षात असू दे ताई. वर्षाहून जास्त ठेवलेला शेअर तोट्यात विकला तर तो दीर्घ मुदतीचा तोटा दुसऱ्या कुठल्या शेअर-फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो. या वर्षी नफा नसेल तर पुढची आठ वर्षं ओढता येतो, फक्त विवरणपत्र मुदतीत भरायला हवं. २३ जुलै २०२४पासून या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर आहे.

भोसरीचा_कारखानदार

जमाखर्च साहेबांच्या तीन कंपन्यांचं गणित मी माझ्यावर लावून पाहिलं. सहावं मशिन घ्यायचं चाललं होतं, ४० लाखांचं. गिऱ्हाईक म्हणतंय आणखी पार्ट देतो. मशिन आणि त्यापायी अडकणारी उधारी मिळून ७० लाख गुंतणार, आणि खर्च, घसारा जाऊन सुटणार वर्षाला जेमतेम साडेसात लाख. म्हणजे ११ टक्क्यांच्या आत. बँकच साडेदहा घेते. आजवर मी फक्त 'हप्ता निघेल का' एवढंच बघायचो, ७० लाखांचा आकडा कधी मांडलाच नव्हता.

काल गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागात गेलो. मशिन घेतो, पण पैसे ४५ दिवसांत लागतील म्हणालो. आमच्यासारख्या लहान उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, हे २००६च्या कायद्यातच आहे. आता तर आयकराच्या नियमामुळे वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी त्यांना तो खर्चही धरता येत नाही. आजवर मागायची हिंमत झाली नव्हती. त्यांनी सोमवारी कळवतो म्हणून सांगितलंय. नाही म्हणाले तर मशिन घेत नाही, आहे त्या पाचांवरच चालवीन.

कुमठेकर_रस्ता

शाब्बास. सोमवारी काय झालं ते इथे नक्की लिहा.

पर्वतीपायथा

दादा, मीही वाट बघते आहे.

माझं ठरलं ते सांगते. निम्मे शेअर आज विकले. निम्मे दोन सहामाहींसाठी ठेवलेत. येण्यांचे दिवस ११०च्या खाली आले नाहीत तर तेही विकेन, असं वहीत तारखेसकट लिहिलंय. मित्राला वही दाखवली. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त शेअर आहेत. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ते रोख प्रवाहाचं पान मला पाठव."

आईला आज दुपारी चहा घेताना सांगितलं, की तुझ्या वाड्याच्या पैशांतला मोठा भाग ठेवीतच राहील, आणि थोडा भाग कुठे घालायचा ते मी आधी तीन अहवाल वाचून सांगेन. तिने विचारलं, "तीन अहवाल वाचायला किती दिवस लागतात?" म्हटलं, एका कंपनीचे एक रात्र. ती म्हणाली, मग मलाही बसव शेजारी, बँकेतल्या माणसाशी संसार केलाय, येणी म्हणजे काय ते मला कळतं.